खेळाडूचा वाङ्निश्चय

आपण ज्याला फूटबॉल म्हणतो त्याला अमेरिकेत सॉकर म्हणतात. या खेळाच्या बळावर मुलाला किंवा मुलीला कॉलेजात जागा व शिष्यवृत्ती मिळावी म्हणून तेथील कुटुंबे जी खटपट करतात, तिचा इतिहास चाळू लागलो तेव्हा आम्हांस प्रथम गंमत वाटली. पुढे ती वाटेनाशी झाली.

खेळाडूंसाठी कॉलेजांची चाललेली ओढाताण कार्नेगी प्रतिष्ठानाने १९२९ सालीच अहवालातून चव्हाट्यावर आणली होती. तरी १९५० नंतरच्या दशकात क्रीडा-शिष्यवृत्ती राजरोस झाली, आणि १९६४ पासून तिच्यासाठी करारपत्र आले. त्यावर मुलाबरोबर पालकाचीही सही लागे. १९७२ च्या कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेद करण्यास बंदी झाली, आणि पुढे मुलींचे सॉकर-संघ गावोगावच्या कॉलेजांत उभे राहिले.

पण पैसा किती? २०२५ पूर्वी वरच्या श्रेणीतील मुलांच्या अख्ख्या संघाला मिळून शिष्यवृत्त्या असत ९.९, मुलींच्या संघाला १४! या अपूर्णांकाचे आणखी तुकडे करून प्रशिक्षक पंचवीसएक खेळाडूंत वाटायचा. कुणाला निम्मी, कुणाला पाव, कुणाला नुसती जागा. तिसऱ्या श्रेणीत तर खेळासाठी दमडीही नाही. तेथे गुणांवर व घरच्या गरजेवर जे मिळेल ते. म्हणजे घरात बसून हिशेब करायचा तो गोलांचा नव्हे, उरलेल्या फीचा.

जागा थोड्या, म्हणून घाई सुरू झाली. तेरा-चौदा वर्षांच्या मुली अमुक कॉलेजात जाण्याचा शब्द देऊ लागल्या. आपल्याकडील जुन्या वाङ्निश्चयाची येथे कुणाला आठवण झाली तर नवल नाही. इतक्या लहान मुलीला फोन करण्याची प्रशिक्षकाला बंदी होती. पण तिनेच फोन केला तर तो उचलायला मनाई नव्हती! मग तिच्या क्लबमार्फत निरोप यायचा: अमक्या वेळी फोन कर. आईबाप शेजारी, आणि आठवी-नववीतली पोर अनोळखी गृहस्थाशी आपल्या पुढच्या आयुष्याची बोलणी करते आहे. शब्द मात्र कुणालाच बांधून ठेवीत नसे. प्रशिक्षक दुसऱ्या कॉलेजात गेला, मुलीचा गुडघा दुखावला, की सारे हवेत. बंधन यायचे ते शाळेच्या शेवटच्या वर्षी सही झाल्यावर, आणि शिष्यवृत्तीही कित्येक वर्षे एकेका वर्षापुरतीच देण्याचा नियम होता. हे ठाऊक नसलेले आईबाप त्या तोंडी शब्दावर विसंबून दुसऱ्या कॉलेजांना नकार कळवीत.

२०१९ साली नियम झाला की, दहावीचे वर्ष संपून १५ जून उजाडेपर्यंत ही बोलणीच करायची नाहीत. आमच्या मते एवढ्या साध्या गोष्टीला फार उशीर झाला. २०२४ मध्ये ते जुने करारपत्रही गेले. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीने शिष्यवृत्त्यांची मर्यादा उठली, पण ती मान्य करणाऱ्या कॉलेजांत सॉकर-संघाची संख्या २८ वर बांधली गेली. आणि ज्यांच्या घरी जागेचा शब्द पोहोचला होता, अशा काही मुलामुलींना एकोणतिसाव्याला जागा नाही असे कळविण्यात आले.