बाक आणि बँक

आम्ही माणिकपूरच्या बचत गटातल्या बायका बोलतोय.

गेल्या बैठकीत आमचा हिशेब चालू होता. शेजारी एकीची नात इंग्रजीचा धडा मोठ्याने वाचत बसली होती. धड्यातली म्हातारी नदीच्या ‘बँक’वर राहत होती. आजी म्हणाली, “अगं, नदीवर कसली बँक? मासळीला कर्ज देतात काय?” आम्ही खूप हसलो. मग नातीनेच शब्दकोश उघडला. बँक म्हणजे पैशांची पेढी, बँक म्हणजे नदीचा काठ, आणि एखाद्यावर भिस्त ठेवणं यालाही इंग्रजीत हाच शब्द. रक्ताची बँक असते, तिला आपण रक्तपेढी म्हणतो. एका शब्दाला इतके अर्थ कसे आले, ते आम्ही शोधलं. तीच आजची गोष्ट.

मूळ शब्द उत्तर युरोपातल्या जुन्या बोलींमधला. त्यात उंचवट्याची कल्पना आहे. पाण्याकडेचा मातीचा उंचवटा झाला नदीकाठ. बसायचा लाकडी उंचवटा झाला बाक. हा बाकाचा शब्द इटलीत पोचला. तिथे प्रत्येक शहराचं नाणं वेगळं होतं. परगावचा व्यापारी आला की त्याला नाणी बदलून लागत. ती बदलून देणारे सराफ बाजारात बाक मांडून बसत आणि लोकांसमोर नाणी मोजत. त्या बाकाला इटालियन भाषेत ‘बांका’ म्हणत. पुढे त्या धंद्यालाच बँक हे नाव पडलं. आपल्याकडे नाही का, व्यापारी ज्या गादीवर बसतो, तिच्यावरून त्याच्या धंद्यालाही गादी म्हणतात!

दिवाळखोराला इंग्रजीत ‘बँकरप्ट’ म्हणतात. तोही इटलीचाच शब्द, अर्थ मोडलेला बाक. देणी बुडवणाऱ्या सराफाचा बाक लोक मोडून टाकत, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो नसो, शब्दात मोडका बाक आहे हे खरं.

आता आपल्या वसईकडे या. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगिजांना दिली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकला. मधल्या दोनशे वर्षांत पोर्तुगिजांचे कितीतरी शब्द कोकणपट्टीत रुजले. चावी त्यांची, पगार त्यांचा, बटाटाही त्यांचाच. आणि आपला ‘बाक’सुद्धा त्यांच्या ‘बांको’वरून आला. पोर्तुगीज भाषेत बांको म्हणजे बसायचा बाकही आणि पैशांची बँकही. आपल्याकडे मात्र बाक पोर्तुगिजांबरोबर आला, आणि बँक इंग्रजांबरोबर. सख्ख्या बहिणी दोन दारांनी घरात आल्या आणि एकमेकींना ओळखेनात!

मुंबईत १८४० साली बँक ऑफ बॉम्बे निघाली. पण ती मोठ्या व्यापाऱ्यांची. गावच्या शेतकऱ्याला सावकाराचंच दार. आपल्या तालुक्यात १९१८ साली पापडीला मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने सहकारी पतसंस्था सुरू झाली. तीच आजची बेसिन कॅथॉलिक बँक.

पण बायकांचं काय? साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हसवडला चेतना सिन्हा यांनी बायकांची बँक काढायचं ठरवलं. पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण अर्जावर बायकांचे अंगठे होते. बायका लिहायला-वाचायला शिकल्या आणि रिझर्व्ह बँकेपुढे जाऊन उभ्या राहिल्या. लिहिता येत नसलं तरी व्याजाचा हिशेब आम्हाला तोंडी येतो, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

हे वाचताना आम्हाला आमचा पहिला दिवस आठवला. गटाचं खातं उघडायला आम्ही एका बँकेत गेलो. “बाकावर बसा,” म्हणाले. बसलो. दुपार झाली. मग कुणीतरी विचारलं, “घरचं कुणी पुरुष माणूस नाही आलं?” त्या दिवशी परत आलो. चौथ्या खेपेला खातं उघडलं. तेव्हा बाक म्हणजे आम्हाला ताटकळायची जागा वाटली होती. आता कळतंय, बँकेचा जन्मच बाकावरचा.

त्यातून एक गोष्ट आम्ही मनाला लावून घेतली. आमच्या गटाची वही काही महिने एकीच्याच घरी राहिली होती. तिने एक रुपया इकडचा तिकडे केला नव्हता. तरी कुजबुज सुरू झाली, दोघी बोलेनाशा झाल्या, गट मोडायच्या बेतात आला. बाक असाच मोडतो. चोरी व्हावीच लागते असं नाही, हिशेब नजरेआड गेला तरी पुरतं.

म्हणून आता आमचा नियम असा: पैसे सतरंजीवर, सगळ्यांसमोर मोजायचे. पासबुक हातोहात फिरवायचं. जिला वाचता येत नाही तिला शेजारणीने आकडा वाचून दाखवायचा. वही दर महिन्याला दुसरीकडे.

मैत्रिणींनो, तुमच्या गटाचं पासबुक तुम्ही स्वतः शेवटचं कधी पाहिलंत? येत्या बैठकीत मागून घ्या. मागायला लाजू नका, आणि कुणी मागितलं तर राग मानू नका.

येतो आम्ही. नमस्कार.