भंडारा जिल्ह्यातील दफनाचा आचार आणि कॅथलिक श्रद्धा

भंडारा जिल्हा कॅथलिक धर्मव्यवस्थेत नागपूर महाधर्मप्रांतात मोडतो. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ साली स्थापन झाला. कॅथलिक आपले मृत पुरतात म्हणून दफन हा परकीय आचार होय, असा समज या भागात सहज होतो. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

वस्तुतः दफन या भूमीस नवे नाही. गोंडांत मूळ चाल दफनाची असून दहन मागाहून रूढ होत गेले, अशी नोंद रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात आहे. महानुभाव पंथातही मृतास भूमीत निक्षेपिले जाते. तेव्हा कॅथलिकांचे वेगळेपण मातीत नसून मातीमागील श्रद्धेत शोधिले पाहिजे.

ती श्रद्धा दुहेरी आहे. अंतिम दिवशी देहाचे पुनरुत्थान होईल, ही पहिली. आणि शुद्धिस्थानातील आत्म्यांस जिवंतांच्या प्रार्थनेचे साह्य होते, ही दुसरी. मृतासाठी मिस्सा अर्पण करणे, थडग्यावर पवित्र जल शिंपडणे आणि २ नोव्हेंबरला सर्व मृतांचे स्मरण करणे, हे आचार दुसरीवर आधारलेले आहेत.

मग दहनास विरोध का झाला? एकोणिसाव्या शतकात युरोपातील काही धर्मविरोधी मंडळ्यांनी पुनरुत्थान नाकारण्यासाठी दहनाचा पुरस्कार केला. त्यास उत्तर म्हणून १८८६ साली रोमहून दहनास बंदी झाली. तीच १९१७ च्या धर्मसंहितेत आली. भारतात मात्र दहनास असा नकाराचा अर्थ कधीच नव्हता. उलट ते परलोकावरील श्रद्धेचेच अंग होते. युरोपातील वादाचा निर्बंध अशा रीतीने येथील भाविकांवरही लागू झाला. १९६३ साली, श्रद्धेच्या विरोधासाठी केलेले नसेल तर दहन चालेल, अशी मुभा मिळाली. मात्र दफनच श्रेयस्कर मानले गेले, आणि रक्षा विसर्जित न करता पवित्र स्थळी जतन करावी, असे २०१६ साली बजावण्यात आले.

वैनगंगेच्या काठी, जेथे अस्थिविसर्जन ही शेजाऱ्यांची नित्याची रीत आहे, तेथे खरी सीमारेषा हीच होय. अग्नी क्षम्य ठरला. परंतु मृताचे नाव व ठिकाण नाहीसे होणे क्षम्य ठरले नाही. कारण जेथे प्रार्थना करावयाची, ते स्थळ टिकले पाहिजे. म्हणून केवळ दफन की दहन एवढ्यावरून समाजाची श्रद्धा ठरविणे अभ्यासकास धोक्याचे आहे.