फिरंग रोग ते हिवरे बाजार : एका रक्तचाचणीचा पाचशे वर्षांचा इतिहास

(१)
अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव पाण्याच्या ताळेबंदासाठी देशभर ओळखले जाते. याच गावाच्या ग्रामसभेने आणखी एक ठराव केला होता, तो मात्र कमी चर्चिला जातो : लग्नापूर्वी वधू-वरांची एचआयव्ही तपासणी. पाणलोटाचे काम करणाऱ्या गावाला रक्तचाचणीची गरज का भासली? याचे उत्तर शोधताना सोळाव्या शतकापर्यंत मागे जावे लागते. आजचा हा धागा त्या प्रवासाचा.

(२)
आरंभ एका नावापासून. सोळाव्या शतकातील वैद्य भावमिश्र यांनी ‘भावप्रकाश’ या ग्रंथात एका नव्या व्याधीचे वर्णन केले आणि तिला ‘फिरंग रोग’ म्हटले. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत ‘उपदंश’ आहे, पण भावमिश्रांनी फिरंग रोगाची नोंद त्याहून वेगळी केली. बाह्य, आभ्यंतर आणि बहिरंतर्भव असे तीन प्रकार त्यांनी सांगितले. रोगाच्या नावातच त्याचा आरोप होता : हे दुखणे फिरंग्यांच्या संसर्गाने आले. बोलीभाषेत पुढे त्याला ‘गरमी’ म्हणू लागले. इंग्रजी वैद्यकात तोच सिफिलिस.

(३)
रोगाचे नाव शेजाऱ्याच्या माथी मारण्याची रीत जगभर होती. इटलीतले लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत, तर फ्रेंच त्याचे खापर नेपल्सवर फोडत. १४९४-९५ च्या नेपल्सच्या स्वारीत ही साथ युरोपात भडकली आणि १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला. या दोन घटनांत जेमतेम तीन-चार वर्षांचे अंतर आहे. जहाजांच्या वेगानेच रोगही फिरत होता.

(४)
या कथेचा एक दुवा थेट नगरला येऊन मिळतो. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला. अहमदनगरचा सुलतान बुऱ्हाण निजामशाह याच्याशी त्याचा स्नेह होता आणि त्याच्या दरबारात त्याने वैद्यकीही केली. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात हिंदुस्थानातील औषधींची चर्चा आहे. त्यात चोपचिनी या मुळावर एक स्वतंत्र संवाद आहे. फिरंग रोगावरचे नवे औषध म्हणून हे मूळ चीनहून येई. भावमिश्रही चोपचिनीचा उल्लेख करतात. दोन वेगळ्या परंपरांचे वैद्य एकाच रोगापुढे एकाच मुळाकडे वळले होते.

(५)
चोपचिनीच्या जोडीला पारा होता. पाऱ्याचे कल्प पोटात देणे आणि अंगाला चोळणे, दोन्ही चाले. त्याने व्रण सुकत, पण दात हलत, तोंड येई आणि विषबाधा होई. मुख्य म्हणजे व्रण सुकला म्हणून रोग बरा झाला, असे नसे. जखम आपोआप भरते, पुढे अंगावर पुरळ येऊन जाते आणि मग वर्षानुवर्षे काहीच दिसत नाही. त्या शांततेत रोग हृदयाच्या महारोहिणीपर्यंत आणि मेंदूपर्यंत पोहोचतो. ‘दिसत नाही म्हणजे नाही’ हा भ्रम या रोगाने शतकानुशतके पोसला. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

(६)
एकोणिसाव्या शतकात हा रोग वैद्यकाइतकाच सत्तेचाही विषय झाला. छावण्यांतले गोरे सैनिक मोठ्या संख्येने आजारी पडत. १८६४ च्या छावणी कायद्याने आणि १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने वेश्याव्यवसायातील स्त्रियांची नोंदणी आणि ठरावीक काळाने तपासणी सक्तीची झाली. आजारी आढळलेल्या स्त्रीला ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये डांबले जाई. रोग दोघांना होत असे, पण कायद्याने नोंदणी एकाच बाजूची केली.

(७)
मुंबई शहरात हा कायदा १८७० मध्ये लागू झाला, १८७२ मध्ये थांबला आणि १८८० मध्ये पुन्हा सुरू झाला. नोंदणी चुकवणाऱ्या स्त्रिया पुष्कळ होत्या. तपासणी म्हणजे उपचाराचे दार नसून पोलिसांचे दार आहे, हे त्यांना ठाऊक होते. इंग्लंडमध्ये जोसेफिन बटलर यांनी अशाच कायद्यांविरुद्ध मोहीम उभारली आणि १८८८ मध्ये हिंदुस्थानातला कायदाही रद्द झाला. इतिहासाचा पहिला धडा येथे मिळतो : तपासणीला शिक्षेची जोड दिली की माणूस तपासणीपासून पळतो, आणि रोग त्याच्याबरोबर जातो.

(८)
विसाव्या शतकात चित्र झपाट्याने पालटले. १९०५ मध्ये शाउडिन आणि हॉफमान यांना या रोगाचा मळसूत्री जंतू सापडला. १९०६ मध्ये वासरमान यांची रक्तचाचणी आली. लक्षणे नसलेला रोगही आता रक्तात पकडता येऊ लागला. १९१० मध्ये एर्लिख यांचे साल्वारसान बाजारात आले आणि १९४३ मध्ये महोनी यांनी पेनिसिलिनने सिफिलिस बरा होतो हे दाखवून दिले. चारशे वर्षे पाऱ्याने झगडणाऱ्या वैद्यकाच्या हाती अखेर एक इंजेक्शन आले.

(९)
महाराष्ट्रात या विषयावर उघड बोलण्याचे धाडस रघुनाथ धोंडो कर्वे यांनी केले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. गुप्तरोग हा पापाचा नव्हे, आरोग्याचा प्रश्न आहे, हे ते सांगत राहिले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. त्यांपैकी १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. औषध प्रयोगशाळेत तयार होत होते, पण ते माणसापर्यंत पोहोचायला आधी लाजेची भिंत पाडावी लागणार होती.

(१०)
औषधही लवकरच घरच्या अंगणात आले. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढील वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. सिफिलिसच्या जंतूने आजवर पेनिसिलिनला दाद न देण्याची कला आत्मसात केलेली नाही, ही वैद्यकातली दुर्मीळ गोष्ट आहे. रोग स्वस्तात बरा होऊ शकत होता. तरीही तो संपला नाही, आणि १९८० च्या दशकात त्याला एक जोडीदार मिळाला.

(११)
१९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी भारतातला एचआयव्हीचा पहिला संसर्ग नोंदवला. लॉक हॉस्पिटलचे भूत लगेच जागे झाले. गोव्यात १९८९ मध्ये डॉमिनिक डिसूझा या तरुणाला केवळ एचआयव्हीबाधित असल्यामुळे सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली ६४ दिवस एका ओसाड क्षयरोग आरोग्यधामात कोंडून ठेवले गेले. गुन्हा कोणताच नव्हता. रक्ताचा अहवाल हाच आरोप होता. सुटकेनंतर त्याने एचआयव्हीबाधितांसाठी काम उभे केले. १९९२ मध्ये त्याचे निधन झाले.

(१२)
त्याच १९९२ मध्ये पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत १९९३ पासून झालेल्या अभ्यासांनी दोन रोगांचे नाते उघड केले. १९९३-९४ मध्ये तपासलेल्या २,८०० रुग्णांपैकी २३.४ टक्के एचआयव्हीबाधित निघाले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास अधिक अस्वस्थ करणारा होता. या दवाखान्यांत आलेल्या, वेश्याव्यवसायाशी संबंध नसलेल्या स्त्रियांपैकी १३.६ टक्के बाधित होत्या. त्यांतल्या बहुतेक विवाहित होत्या आणि त्यांचा संबंध फक्त नवऱ्याशी आलेला होता.

(१३)
‘पतिव्रता’ हे कवच या रोगापुढे चालत नाही, हे त्या आकड्याने सिद्ध केले. जोखीम स्त्रीच्या वागणुकीत नव्हती, ती उंबरठ्यावरून आत येत होती. आणि उंबरठ्याबाहेर काय होते? दुष्काळ, शेतात काम नाही, म्हणून पुण्या-मुंबईकडे गेलेले पुरुष, महिनोन्‌महिने कुटुंबापासून दूरचे जगणे, ट्रकचे महामार्ग. नगरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्याला हा नकाशा अगदी परिचित होता. नगरमध्येच १९८९ पासून ‘स्नेहालय’ ही संस्था वेश्यावस्तीतील स्त्रिया, त्यांची मुले आणि पुढे एचआयव्हीबाधितांसाठी काम करू लागली.

(१४)
आता हे दोन रोग एकमेकांना कसे पोसतात ते पाहू. सिफिलिसचा व्रण बहुधा दुखत नाही, म्हणून तो दुर्लक्षिला जातो. पण तेथे त्वचेचे संरक्षण तुटलेले असते आणि एचआयव्ही ज्या पेशींवर हल्ला करतो, त्याच पेशी जखमेपाशी गोळा झालेल्या असतात. विषाणूला दार उघडे मिळते आणि दारातच यजमानही भेटतो. उलट बाजूने, एचआयव्हीबाधित माणसाला सिफिलिस झाला तर रक्तातील विषाणूचे प्रमाण वाढते, प्रतिकारपेशी घटतात आणि मेंदूपर्यंत जंतू पोहोचण्याची भीती अधिक असते.

(१५)
१ एप्रिल २००४ रोजी भारतात एचआयव्हीचे मोफत उपचार सरकारी केंद्रांत सुरू झाले. २०१७ पासून प्रतिकारपेशी किती आहेत याची वाट न पाहता प्रत्येक बाधिताला उपचार देण्याचे धोरण आले. उपचार सुरू करतानाच सिफिलिसची रक्तचाचणी करण्यामागे साधे तर्कशास्त्र आहे. एचआयव्हीच्या गोळ्या सिफिलिसच्या जंतूला शिवत नाहीत आणि पेनिसिलिन एचआयव्हीला शिवत नाही. शिवाय उपचार सुरू झाल्यावर अंगावर पुरळ उठले, तर ते गोळ्यांचे की दुसऱ्या टप्प्यातील सिफिलिसचे, हे चाचणीवाचून कळत नाही. पुरळाला घाबरून गोळ्या सोडणारा रुग्ण दोन्ही लढाया हरतो.

(१६)
यात दिलाशाची बाजू मोठी आहे. आरंभीच्या सिफिलिसला लांब टिकणाऱ्या पेनिसिलिनचे २४ लाख युनिटचे इंजेक्शन एकदाच पुरते. जुन्या, दडून राहिलेल्या रोगाला ते आठवड्याच्या अंतराने तीनदा द्यावे लागते. एचआयव्हीच्या गोळ्या नियमित घेऊन रक्तातील विषाणू मोजण्यापलीकडे दबला, तर जोडीदाराला लैंगिक संबंधातून तो लागत नाही. मात्र ही ढाल सिफिलिसपासून वाचवत नाही, आणि एकदा बरा झालेला सिफिलिस पुन्हा होऊ शकतो. म्हणून जोडीदाराची तपासणी आणि निरोध यांचे महत्त्व उरतेच. गरोदरपणात दोन्ही चाचण्या झाल्या आणि उपचार वेळेवर मिळाले, तर बाळ दोन्ही रोगांपासून वाचू शकते.

(१७)
आता पुन्हा हिवरे बाजार. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हा गाव कोरडे होते, दारूने पोखरलेले होते आणि माणसे बाहेर चालली होती. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन, पाणलोटाची कामे या वाटेने गावाने कूस पालटली. बाहेर गेलेली अनेक कुटुंबे परत आली. विवाहपूर्व एचआयव्ही तपासणीचा ठराव याच वाटेवरचा आहे. ज्या काळात शहाणीसुरती घरे हा शब्दही उच्चारत नव्हती, त्या काळात एका गावाने तो ग्रामसभेत उच्चारला. कर्व्यांनी ज्या भिंतीवर डोके आपटले, तिला येथे एक खिंडार पडले.

(१८)
तरीही इतिहास येथे प्रश्न विचारतोच. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये एचआयव्हीबाधिताचा विवाहाचा हक्क जणू स्थगित असल्याचे म्हटले होते, ती टिप्पणी अनावश्यक होती असे २००२ मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केले. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. जाणीवपूर्वक दिलेल्या संमतीवाचून चाचणी नाही आणि अहवालाची गुप्तता राखली पाहिजे, हे त्याचे मर्म आहे. ठरावाचे बळ गावाच्या दबावात आहे, कायद्याचे बळ व्यक्तीच्या संमतीत. लहान गावात एखादे लग्न मोडले, तर अहवाल न वाचताही सगळे तो वाचतात.

(१९)
आणखी एक मर्यादा वैद्यकीय आहे. चाचणी एका दिवसाचे चित्र दाखवते. संसर्ग ताजा असेल तर ती त्याला हुकवू शकते आणि लग्नानंतरच्या वीस वर्षांबद्दल ती काहीच सांगत नाही. पुण्याच्या अभ्यासातील बायकांना बहुधा लग्नाच्या दिवशीच्या अहवालाने वाचवले नसते. त्यांना गरज होती ती नवऱ्यासह वेळोवेळी निर्भयपणे तपासणी करून घेता येण्याची, आणि अहवाल काहीही आला तरी घरातून हाकलले न जाण्याची.

(२०)
म्हणून हिवरे बाजारची खरी लस कदाचित रक्तचाचणीच्या ठरावात नसून त्या गावाच्या विहिरींत असेल. शिवारात पाणी राहिले, तर पुरुष गावात राहतो, दारूचा गुत्ता बंद राहतो, आणि नवरा-बायको एका छपराखाली जगतात. चाचणी त्या व्यवस्थेची सोबतीण ठरू शकते, पहारेकरीण नव्हे. फिरंग्यांना दोष देणारे नाव, स्त्रीला कोंडणारे लॉक हॉस्पिटल, तरुणाला कोंडणारे आरोग्यधाम : पाचशे वर्षांत समाजाने या रोगासाठी दर वेळी कुणाला तरी गुन्हेगार ठरवले. ज्या ज्या वेळी त्याने रुग्णाला माणूस मानले, त्या त्या वेळीच औषध कामी आले.

(समाप्त)