आयर्लंड : स्वातंत्र्ययुद्धापेक्षा यादवीने घडवलेला देश

डब्लिनमध्ये २७ जून २०२० रोजी नवे सरकार सत्तेवर आले. करोनाच्या साथीमुळे आयरिश संसदेची बैठक नेहमीच्या सभागृहाऐवजी शहरातील परिषद केंद्रात भरली होती. मावळते पंतप्रधान लिओ वराडकर यांनी मिहॉल मार्टिन यांच्याकडे सूत्रे सोपवली आणि त्यांच्याच मंत्रिमंडळात उपपंतप्रधानपद स्वीकारले. महाराष्ट्रात या घडामोडीकडे लक्ष गेले ते आडनावामुळे. वराडकरांचे वडील मूळचे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. पंतप्रधान असताना डिसेंबर २०१९ मध्ये लिओ वराडकर कुटुंबीयांसह या गावी येऊनही गेले होते. आयर्लंडमध्ये मात्र या शपथविधीचे महत्त्व निराळे होते. मार्टिन यांचा फिअना फॉल आणि वराडकरांचा फिन गेल हे दोन पक्ष प्रथमच एका सरकारात बसले होते. १९२२ साली एकमेकांवर बंदुका रोखणाऱ्या दोन गटांचे हे वारस.

या दोन पक्षांत नेमका फरक कोणता, हे परक्या माणसाला समजावून सांगणे आयरिश नागरिकांनाही जड जाते. दोन्ही पक्ष मध्यममार्गी, कलाने उजवीकडे झुकणारे. आर्थिक धोरणात, परराष्ट्र धोरणात त्यांच्यात फार अंतर नाही. अंतर आहे ते आजोबा-पणजोबा कोणत्या बाजूने लढले याचे.

पारतंत्र्याविरुद्धच्या लढ्याची कथा तुलनेने सरळ आहे. एप्रिल १९१६ मध्ये डब्लिनमध्ये उठाव झाला आणि आठवड्याभरात मोडून काढला गेला. (योगायोग असा, की त्याच आठवड्यात बेळगावात लोकमान्य टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली, ‘होमरूल’ हा शब्दच मुळी आयर्लंडकडून आलेला.) उठावाच्या नेत्यांना ब्रिटिशांनी गोळ्या घातल्या आणि तोवर या उठावाविषयी उदासीन असलेले लोकमत फिरले. डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत शिन फेन पक्षाने आयर्लंडमधील १०५ पैकी ७३ जागा जिंकल्या. विजयी उमेदवारांनी लंडनच्या संसदेत जाण्याचे नाकारले आणि २१ जानेवारी १९१९ रोजी डब्लिनमध्ये स्वतःची लोकसभा, ‘डॉल’, भरवली. त्याच दिवशी टिपरेरी भागात दोन पोलिसांची हत्या झाली. युद्धाचा आरंभ तेव्हापासून मानला जातो.

पुढची अडीच वर्षे गनिमी काव्याची होती. एकीकडे मायकेल कॉलिन्स यांचे हेरखाते आणि लहान लहान तुकड्या. दुसरीकडे ‘ब्लॅक अँड टॅन्स’ या नावाने कुप्रसिद्ध झालेले निमलष्करी पोलिस. २१ नोव्हेंबर १९२० रोजी सकाळी कॉलिन्सच्या माणसांनी डब्लिनमध्ये ब्रिटिश गुप्तहेरांना घरात घुसून ठार केले; दुपारी क्रोक पार्क मैदानावर सामना पाहणाऱ्या गर्दीवर गोळीबार होऊन १४ जणांचा बळी गेला. या युद्धात मारले गेलेले बरेचसे पोलिस आयरिशच होते, ही बाब नंतरच्या गौरवगाथांत सहसा येत नाही. यादवीचे बी स्वातंत्र्ययुद्धातच होते, असे म्हणण्यास त्यामुळे जागा आहे.

जुलै १९२१ मध्ये शस्त्रसंधी झाला आणि ६ डिसेंबर १९२१ रोजी लंडनमध्ये तहावर सह्या झाल्या. २६ काउंट्यांचे ‘आयरिश फ्री स्टेट’ साम्राज्यांतर्गत स्वराज्य म्हणून अस्तित्वात येणार होते. उत्तरेकडील सहा काउंट्यांचे वेगळे सरकार त्याआधीच स्थापन झाले होते. आज मागे वळून पाहता फाळणीवरूनच देश दुभंगला असेल असे वाटते. पण तसे नव्हते. डॉलमधील प्रदीर्घ चर्चेत सर्वाधिक कडवटपणा निर्माण झाला तो राजनिष्ठेच्या शपथेवरून. प्रजासत्ताकाची शपथ घेतलेल्यांनी राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ कशी घ्यावी, हा प्रश्न होता. तह म्हणजे संपूर्ण स्वातंत्र्याकडे जाण्याची पायरी, ही कॉलिन्स यांची भूमिका. तर एमन डी व्हॅलेरा यांच्या मते तो प्रजासत्ताकाशी द्रोह. ७ जानेवारी १९२२ रोजी ६४ विरुद्ध ५७ मतांनी तह मंजूर झाला. सभागृहातील सहाही महिला सदस्यांनी विरोधात मत दिले. त्यांपैकी अनेकींच्या घरातील माणसे लढ्यात कामी आली होती. जूनमधील निवडणुकीत मतदारांनी तहाच्या बाजूने स्पष्ट कौल दिला, पण शस्त्रे हाती असलेल्यांना तो मान्य नव्हता.

तहविरोधी सैनिकांनी एप्रिलपासून डब्लिनमधील ‘फोर कोर्ट्‌स’ ही न्यायालयाची इमारत ताब्यात ठेवली होती. २८ जून १९२२ रोजी नव्या सरकारच्या सैन्याने तिच्यावर तोफा डागल्या. या तोफा ब्रिटिशांकडून उसन्या घेतलेल्या होत्या. दोन दिवसांनी झालेल्या प्रचंड स्फोटात आवारातील सरकारी दफ्तरखाना भस्मसात झाला. मध्ययुगापासूनची कागदपत्रे, मृत्युपत्रे, १८२१ ते १८५१ या काळातील जनगणनेच्या याद्या जवळजवळ सर्व गेल्या. स्वतंत्र होता होता या देशाने आपला लिखित भूतकाळ जाळला. अन्यत्र उरलेल्या प्रतींवरून तो दफ्तरखाना संगणकावर पुन्हा उभारण्याचा प्रकल्प शंभर वर्षांनी, २०२२ मध्ये लोकांसाठी खुला झाला.

यादवी अकरा महिने चालली. मृतांचा आकडा सुमारे दीड हजार, म्हणजे अन्य देशांतील यादवींच्या मानाने लहानच. परंतु देश छोटा आणि लढणारे एकमेकांना नावानिशी ओळखणारे. हेल्स बंधूंचे उदाहरण बोलके आहे. कॉर्क भागात ब्रिटिशांविरुद्ध खांद्याला खांदा लावून लढलेल्या या भावांपैकी शॉन तहाच्या बाजूला गेला, टॉम विरोधात. २२ ऑगस्ट १९२२ रोजी बेल ना ब्लाह येथे ज्या तुकडीच्या हल्ल्यात ३१ वर्षांचे कॉलिन्स मारले गेले, तिचे नेतृत्व टॉमकडे होते. डिसेंबरमध्ये संसद सदस्य असलेल्या शॉनला तहविरोधकांनी डब्लिनमध्ये गोळ्या घातल्या. त्याचा सूड म्हणून दुसऱ्याच दिवशी सरकारने चार कैद्यांना खटल्याविना मृत्युदंड दिला. त्यांपैकी रोरी ओ’कॉनर हा गृहमंत्री केव्हिन ओ’हिगिन्स यांच्या लग्नात नवरदेवाचा पाठराखा होता. त्या लग्नाला जेमतेम वर्ष झाले होते. मंत्रिमंडळाच्या निर्णयाला ओ’हिगिन्स यांनीही अखेर संमती दिली होती. १९२७ मध्ये त्यांचीही हत्या झाली.

सरकारने यादवीच्या काळात एकूण ७७ जणांना अधिकृत मृत्युदंड दिला. आधीच्या युद्धात ब्रिटिशांनी दिलेल्या मृत्युदंडांहून ही संख्या कितीतरी अधिक होती आणि सामान्य माणसाच्या मनात हीच तुलना घर करून बसली. केरीमध्ये तर मार्च १९२३ मध्ये बॅलीसीडी येथे नऊ कैद्यांना सुरुंगाभोवती बांधून स्फोट घडवण्यात आला. आठ जण ठार झाले. नववा, स्टीफन फुलर, स्फोटाने दूर फेकला गेला आणि वाचला. २४ मे १९२३ रोजी तहविरोधकांनी शस्त्रे खाली ठेवली. ना तह झाला, ना माफी. लढाई केवळ थांबली.

तिजोरी रिकामी होती. जेत्यांचे सरकार काटकसरीने पछाडले गेले; १९२४ मध्ये वृद्धांच्या निवृत्तिवेतनातही कपात झाली आणि तो राग मतपेटीत दीर्घकाळ उतरत राहिला. मात्र याच सरकारने निःशस्त्र पोलिस दल उभे केले आणि १९२४ मधील लष्करातील बंडाळी मोडून सैन्याला मुलकी सत्तेच्या अधीन ठेवले. डी व्हॅलेरा यांनी १९२६ मध्ये फिअना फॉल स्थापन केला, पुढल्या वर्षी ती वादग्रस्त शपथ ‘निव्वळ औपचारिकता’ म्हणत पार पाडली आणि १९३२ मध्ये निवडणूक जिंकली. दहा वर्षांपूर्वीच्या जेत्यांनी पराभूतांच्या हाती सत्ता शांततेने दिली. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांच्या इतिहासात असा प्रसंग विरळा. तहवादी गटांतून १९३३ मध्ये फिन गेल पक्ष उभा राहिला.

यानंतरचा इतिहास थोडा उपरोधिकच आहे. तह ही पायरी ठरेल हे कॉलिन्स यांचे म्हणणे खरे करून दाखवले ते त्यांचे विरोधक डी व्हॅलेरा यांनी. शपथ रद्द झाली आणि १९३७ मध्ये नवी राज्यघटना आली. भारतीय घटनेतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना तिथूनच घेतलेली आहे. उलट, एप्रिल १९४९ मध्ये प्रजासत्ताक प्रत्यक्षात आणून राष्ट्रकुल सोडले ते तहवाद्यांचे वारस असलेल्या फिन गेलच्या नेतृत्वाखालील सरकारने. प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहण्याची वाट भारतासाठी त्याच महिन्यात लंडनमध्ये मोकळी झाली. उत्तरेचा प्रश्न मात्र मागेच पडला. सीमा आयोगाचे काम १९२५ मध्ये काहीही न बदलता गुंडाळले गेले आणि तिथल्या राष्ट्रवादी अल्पसंख्याकांना पुढील अनेक दशके डब्लिनकडून भाषणांपलीकडे फारसे काही मिळाले नाही.

यादवीबद्दल घराघरांत मौन होते आणि शासनाचेही तेच धोरण होते. १९४७ पासून दहा वर्षे सरकारी कार्यालयाने स्वातंत्र्ययुद्धातील १,७७३ सहभागींच्या साक्षी नोंदवल्या. पण त्या जुलै १९२१ च्या शस्त्रसंधीपर्यंतच घ्यायच्या, असे ठरले होते. त्या साक्षीही बंद कपाटात राहिल्या आणि २००३ मध्ये खुल्या झाल्या. लढवय्यांच्या निवृत्तिवेतनाचा पहिला कायदा (१९२४) केवळ तहवाद्यांसाठी होता. विरोधकांना त्याचा लाभ १९३४ मध्ये, त्यांचे सरकार आल्यावर मिळाला. त्या अर्जांची दफ्तरे २०१४ पासून टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होऊ लागली आणि आजोबांनी नेमके काय केले होते, हे अनेक कुटुंबांना प्रथमच कळले. बॅलीसीडीतून वाचलेले स्टीफन फुलर पुढे फिअना फॉलचे संसद सदस्य झाले. त्या रात्रीचा वापर त्यांनी प्रचारात केला नाही. दूरचित्रवाणीवर ते त्याविषयी बोलले १९८० मध्ये, घटनेनंतर ५७ वर्षांनी.

वराडकर डिसेंबर २०२२ मध्ये ठरल्याप्रमाणे पुन्हा पंतप्रधान झाले आणि एप्रिल २०२४ मध्ये पायउतार झाले. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीनंतर त्याच दोन पक्षांनी अपक्षांच्या साथीने जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा सरकार बनवले. या वेळी त्याची फारशी चर्चाही झाली नाही.