विद्यापीठाचे ग्रंथालय : दोनशे किलोमीटरवरची हक्काची शिदोरी

लासलगाव (प्रतिनिधी) - कांद्याच्या बाजारपेठेमुळे देशभर ओळखल्या जाणाऱ्या लासलगावात शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे नाव असते. त्या विद्यापीठाचे ग्रंथालय मात्र येथून दोनशे किलोमीटरहून अधिक अंतरावर, पुण्याच्या गणेशखिंड परिसरात आहे. पदवी हाती पडेपर्यंत या ग्रंथालयाची पायरी न चढलेले विद्यार्थी ग्रामीण भागात थोडे नाहीत. विद्यापीठाच्या ग्रंथालयात नेमके काय असते, त्याचा कारभार कसा चालतो आणि निफाड तालुक्यातील विद्यार्थ्याला त्याचा लाभ कितपत घेता येतो, याचा हा परिचय.

जयकर ग्रंथालय

पुणे विद्यापीठाची स्थापना १० फेब्रुवारी १९४९ रोजी झाली. कायदेपंडित बॅ. मुकुंद रामराव जयकर हे पहिले कुलगुरू. पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये विद्यापीठाचे ग्रंथालय सुरू झाले आणि कालांतराने त्याला जयकरांचेच नाव देण्यात आले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडी असलेले ‘जयकर ग्रंथालय’ ते हेच. आज त्याचे अधिकृत नाव ‘जयकर ज्ञानस्रोत केंद्र’ असे आहे.

स्थापनेच्या वेळी या विद्यापीठाच्या अधिकारकक्षेत बारा जिल्हे होते. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आणि १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर पुणे, नाशिक आणि तेव्हाचा अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर, हे तीन जिल्हे उरले. २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. नावे बदलली, सीमा बदलल्या, तरी नाशिक जिल्ह्याचे या विद्यापीठाशी असलेले नाते पहिल्यापासून कायम आहे. त्यामुळे तेथील ग्रंथसंग्रह हा पुणेकरांइतकाच या जिल्ह्याचाही ठेवा ठरतो.

संग्रहात काय असते?

महाविद्यालयाचे ग्रंथालय मुख्यतः अभ्यासक्रमाभोवती उभे असते. क्रमिक पुस्तकांच्या अनेक प्रती, काही संदर्भग्रंथ, वृत्तपत्रे आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके असा त्याचा संसार. विद्यापीठाचे ग्रंथालय संशोधनासाठी असते. तेथे एखाद्या पुस्तकाची एकच प्रत असेल, पण त्याच विषयावरची पन्नास वर्षांपूर्वीची पुस्तकेही जपून ठेवलेली असतात. जयकर ग्रंथालयातील ग्रंथसंख्या चार लाखांहून अधिक आहे.

या संग्रहाचे ढोबळमानाने चार भाग पडतात. पहिला भाग घरी नेता येणाऱ्या ग्रंथांचा. दुसरा संदर्भग्रंथांचा. कोश, गॅझेटिअर, जनगणनेचे अहवाल हे ग्रंथ तेथेच बसून पाहावे लागतात. तिसरा नियतकालिकांचा. संशोधनपत्रिकांचे जुने अंक वर्षवार बांधून ठेवलेले असतात आणि नव्या अंकांसाठी स्वतंत्र मांडणी असते. चौथा भाग प्रबंधांचा. विद्यापीठाने पीएच.डी. बहाल केलेल्या प्रबंधाची प्रत ग्रंथालयात जमा होते. यातील बहुसंख्य प्रबंध कधीच पुस्तकरूपाने प्रसिद्ध होत नाहीत. त्यामुळे ते बाजारात विकत मिळण्याचा प्रश्नच येत नाही.

जिल्ह्याचा अभ्यास करणाऱ्याला संदर्भ विभाग विशेष उपयोगी पडतो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा नाशिक जिल्ह्यावरील सोळावा खंड १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वातंत्र्यानंतर राज्य शासनाने त्याची सुधारित आवृत्ती काढली. तालुक्यांची पिके, बाजार, रस्ते, रेल्वे यांची त्या काळची माहिती हवी असेल तर या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून वाचण्यासारखा दुसरा मार्ग नाही.

कांदा कोणत्या कपाटात?

लाखो ग्रंथांतून हवे ते पुस्तक काही मिनिटांत हाती येते, यामागे वर्गीकरणाचे शास्त्र आहे. अमेरिकेतील मेलविल ड्युई यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेली दशांश वर्गीकरण पद्धती आपल्याकडील असंख्य ग्रंथालयांत वापरली जाते. सर्व ज्ञानशाखांचे दहा मुख्य वर्ग, प्रत्येकाचे दहा उपवर्ग आणि पुढे दशांश चिन्हानंतर आणखी पोटविभाग, अशी तिची रचना आहे.

लासलगावच्या वाचकाला समजेल असे उदाहरण घ्यायचे तर कांद्याचेच घेऊ. कांद्याच्या लागवडीवरील पुस्तकाला ६३५.२५ हा क्रमांक मिळतो, कारण ६३५ हा बागायती पिकांचा वर्ग आहे. शेतमालाच्या देशांतर्गत व्यापारावरील पुस्तक मात्र ३८१.४१ या क्रमांकाखाली, वाणिज्याच्या कपाटात जाते. महाराष्ट्राच्या इतिहासावरील पुस्तक ९५४.७९२ या क्रमांकावर सापडेल, तर कांदा उत्पादकाच्या जीवनावरची मराठी कादंबरी ८९१.४६३ मध्ये. विषय एक, कपाटे चार. त्यामुळे एकाच कपाटापाशी शोध थांबविणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पाव भागच माहिती लागते. कपाटाकडे जाण्याआधी तालिका पाहावी, असे ग्रंथपाल वारंवार सांगतात ते यासाठीच. पूर्वी ही तालिका लाकडी खणांतल्या कार्डांवर असे. आता ती संगणकावर असून लेखक, शीर्षक आणि विषय अशा तिन्ही अंगांनी शोधता येते.

भारतातील ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये या शास्त्राची पाच सूत्रे मांडली. पुस्तके वापरासाठी असतात आणि वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये, हा त्यांतील दोन सूत्रांचा आशय. वर्गीकरण, तालिका आणि खुली कपाटे ही सारी व्यवस्था या विचारावर उभी आहे.

कारभार कसा चालतो?

पुस्तक वाचकाच्या हाती येण्यापूर्वी बऱ्याच टेबलांवरून फिरते. विद्यापीठाचे विभाग व प्राध्यापक पुस्तकांची शिफारस करतात. ग्रंथोपार्जन विभाग ते आधीच संग्रही नाही ना, याची खात्री करून खरेदी करतो. आलेल्या प्रत्येक प्रतीची दाखल नोंदवहीत नोंद होते व तिला दाखल अंक मिळतो. त्यानंतर तांत्रिक विभाग वर्गीकरण करून बोधांक देतो. पुस्तकाच्या पाठीवर चिकटविलेल्या पट्टीवरचा क्रमांक तो हाच. मग तालिकेत नोंद होऊन पुस्तक कपाटात जाते आणि देवघेव विभागाच्या ताब्यात येते.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये ग्रंथालयाच्या प्रमुखाचे पद ‘ज्ञानस्रोत केंद्राचा संचालक’ असे झाले. पूर्वीच्या कायद्यात ते ‘ग्रंथपाल’ होते. केंद्राच्या कामकाजावर देखरेख ठेवण्यासाठी ज्ञानस्रोत समितीचीही तरतूद आहे. हा बदल केवळ पाटीपुरता नाही. ग्रंथखरेदीच्या जोडीला संगणकीय माहितीसाठ्यांची वर्गणी, प्रबंधांचे अंकीकरण आणि वाङ्मयचौर्याची तपासणी ही कामेही ग्रंथालयांकडे आली आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांपर्यंत असल्यास कारवाई होत नाही. त्यापुढे मात्र साम्याच्या प्रमाणात कारवाईचे टप्पे ठरविलेले आहेत.

नाशिकमधील दोन विद्यापीठे

लासलगावहून सुमारे साठ किलोमीटरवरच्या नाशिक शहरात दोन राज्यस्तरीय विद्यापीठांची मुख्यालये आहेत. १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाजवळ गोवर्धन येथे आहे, तर १९९८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळ येथे आहे. दोन्हींची स्वतःची ग्रंथालये आहेत.

मुक्त विद्यापीठाची रीत वेगळी. त्याचा विद्यार्थी शेती, नोकरी वा संसार सांभाळून शिकणारा. त्याला ग्रंथालयात बोलावण्याऐवजी स्वयंअध्ययनाची पुस्तकेच त्याच्याकडे पाठवायची, हे या विद्यापीठाचे मूळ धोरण. ही पुस्तके शिक्षकाच्या मदतीवाचून समजावीत अशा बेताने लिहिलेली असतात. इतर विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांनाही ती उपयोगी पडतात. शिवाय १८४० पासूनची परंपरा असलेले नाशिकचे सार्वजनिक वाचनालयही शहरातच आहे.

घरबसल्या काय मिळते?

गेल्या दीड दशकात अंतराची अडचण बरीच कमी झाली आहे. गांधीनगर येथील ‘इन्फ्लिबनेट’ या केंद्राने उभारलेल्या ‘शोधगंगा’ या भांडारात देशभरातील विद्यापीठांचे पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. ते वाचण्यासाठी शुल्क नाही आणि कोणत्याही संस्थेचे ओळखपत्र लागत नाही. कांद्याची विपणन व्यवस्था, बाजार समित्यांचा कारभार, द्राक्षबागांचे अर्थकारण अशा विषयांवरचे प्रबंध मोबाइलवरही उघडता येतात. आयआयटी खरगपूरने विकसित केलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. तेही सर्वांना खुले आहे.

महागड्या संशोधनपत्रिकांची बाब वेगळी. त्यांची वर्गणी कोणत्याही ग्रामीण महाविद्यालयाला परवडणारी नाही. यासाठी ‘एन-लिस्ट’ ही योजना आहे. महाविद्यालयाने नाममात्र वार्षिक शुल्क भरून नोंदणी केली, की तेथील विद्यार्थी व प्राध्यापकांना स्वतंत्र प्रवेशनाव मिळते आणि हजारो पत्रिका व ई-पुस्तके खुली होतात. केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपयांची तरतूद, ३० प्रकाशक आणि सुमारे १३ हजार पत्रिका, असा तिचा आवाका आहे. तिचा पहिला टप्पा केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे.

येथेच खरी मेख आहे. ग्रामीण महाराष्ट्रातील उच्च शिक्षण मुख्यतः खासगी शिक्षण संस्थांच्या महाविद्यालयांनी पेलले आहे. पुण्याच्या विद्यापीठ आवारातील संशोधकाला एका कळीसरशी मिळणारा लेख त्याच विद्यापीठाच्या खेड्यातील विद्यार्थ्याला मिळेलच, असे नाही. पदवी एक, परीक्षा एक, प्रश्नपत्रिकाही एक, पण शिदोरी मात्र वेगवेगळी. ही दरी बुजेपर्यंत ‘एन-लिस्ट’ची नोंदणी वेळेवर करणे आणि तिची प्रवेशनावे प्रत्यक्ष विद्यार्थ्यांपर्यंत पोचविणे, एवढे तरी प्रत्येक महाविद्यालयाच्या हाती आहे. या सर्व साखळीतील महत्त्वाचा दुवा म्हणजे महाविद्यालयाचा ग्रंथपाल. ते पद रिकामे राहिले, तर भरलेली वर्गणीही कपाटात बंद राहते.

बाजाराच्या पैशातून उभे राहिलेले ग्रंथालय

ग्रंथालयाचा भार सरकारनेच उचलावा, असे काही नाही. मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधील ग्रंथालयासाठी आणि त्यावरील राजाबाई मनोऱ्यासाठी शेअर व कापूस बाजारातील व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी प्रत्येकी दोन लाख रुपये दिले होते. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला आलेल्या तेजीचा तो काळ. मनोऱ्याला त्यांच्या मातोश्रींचे नाव आहे. १८७८ मध्ये बांधकाम पूर्ण झाले. तेजी केव्हाच ओसरली, ग्रंथालय मात्र उभे आहे. शेतमालाच्या उलाढालीवर जगणाऱ्या गावांनी या उदाहरणाचा विचार करण्यास हरकत नाही.

विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे

पुण्याला जाण्यापूर्वी जयकर ज्ञानस्रोत केंद्राची संगणकीय तालिका पाहून हव्या असलेल्या ग्रंथांचे बोधांक लिहून घ्यावेत. सोबत महाविद्यालयाचे ओळखपत्र व प्राचार्यांचे शिफारसपत्र असावे. वाचनाच्या वेळा, शुल्क आणि बाहेरच्या वाचकांसाठीचे नियम आधी विचारून घ्यावेत.

विषय निवडण्यापूर्वी ‘शोधगंगा’वर त्याच विषयाचे प्रबंध पाहावेत. प्रबंधाच्या शेवटी दिलेली ग्रंथसूची हा पुढील शोधाचा सर्वात सोपा नकाशा असतो.

आपले महाविद्यालय ‘एन-लिस्ट’चे सभासद आहे काय, असल्यास प्रवेशनाव कसे मिळेल, हे ग्रंथपालांना लेखी विचारावे. एखादे पुस्तक जवळपास नसेल, तर आंतरग्रंथालयीन देवघेवीने ते मागविता येते काय, याचीही चौकशी करावी. मागणीची नोंद झाली, तरच पुढील वर्षीच्या खरेदीत तिचा विचार होतो.