शून्याचे मोर्तब

सी भाषेतल्या लायब्ररीकडून ‘जालना’ हा शब्द मी जावास्क्रिप्टमध्ये आणला आणि पडद्यावर ‘जालना’पाठोपाठ मेमरीतला कचराही उमटला. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते. ज, काना, ल, न, काना मिळून 15, म्हणून मी 15 जागा ठेवल्या होत्या. 16वी जागा शून्याची असते, ती राहून गेली. मजकूर कुठे संपला हे सीमध्ये ते शून्यच सांगते. जावास्क्रिप्टची स्ट्रिंग आपली लांबी स्वतःजवळ बाळगते, या शब्दाची 5. पण सीकडून जावास्क्रिप्टच्या हाती येतो नुसता पत्ता, म्हणजे पॉइंटर. सी आणि जावास्क्रिप्ट जोडणारे साधन डेनो असो, बन असो, एमस्क्रिप्टेन असो, त्या पत्त्यापासून शून्य भेटेपर्यंत वाचत जावे लागते.

त्या शून्याचा माग काढताना मला मोर्तब भेटले. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर मुख्य शिक्का माथ्यावर असतो आणि मजकूर संपतो तिथे एक छोटी मुद्रा: ‘मर्यादेयं विराजते’. तिच्याखाली घुसडलेली ओळ पत्राची नव्हे! माथ्याचा शिक्का, पायथ्याचे मोर्तब, दोन्ही मिळून शिक्कामोर्तब. आज आपण हा शब्द मंजुरीसाठी वापरतो आणि त्याच्या उत्तरार्धाचे काम विसरतो.

मोर्तब आले कुठून? कोणी ते मरातबाशी, म्हणजे मानाशी जोडेल. दोन्ही शब्द र-त-ब या एकाच अरबी धातूचे, तेव्हा मोह होतोच. पण जुन्या पत्रांच्या शेवटी ‘मोर्तब सूद’ असे येते. ते फारसी ‘मुरत्तब शुद’: रचून झाले, पुरे झाले. मानचिन्हाला ‘झाले’ हे क्रियापद कशाला लागेल? माझे मत मुरत्तबच्या बाजूने.

सीच्या शून्याबद्दलही असाच वाद आहे. मार्टिन रिचर्ड्स यांच्या 1967 सालच्या बीसीपीएलमध्ये मजकुराची लांबी आरंभीच लिहीत, म्हणजे नुसता शिक्का. केन थॉम्पसन यांच्या बी भाषेने ती काढून शेवटी खूण ठेवली. डेनिस रिची यांनी 1993 मध्ये कारणे दिली: आठ-नऊ बिटांत मावणारी लांबी मजकुराला मर्यादा घालते, आणि मोजदाद सांभाळण्यापेक्षा खूण सोयीची वाटली. दुसरा पक्ष म्हणतो, हे पीडीपी-11 यंत्रामुळे घडले. मला ते पटत नाही. खूण बी भाषेत आधीच होती आणि ती शून्य नव्हती. मात्र पुढे ती शून्य का झाली, याचे श्रेय मी यंत्राला देतो. बाइट हलवताना तो शून्य होता का, याची नोंद पीडीपी-11 आपणहून ठेवते. वेगळी तुलना करावी लागत नाही.

सीमध्ये वेगवेगळ्या प्रकारची माहिती एकत्र ठेवणाऱ्या स्ट्रक्टला मात्र मोर्तब नसते, तिथे आखणी असते. जालना जिल्ह्यातल्या जांबला 1608 मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या 19व्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे: पान आधी शिशाने आखावे, रेघांतले अंतर सारखे ठेवावे, भोवती जागा सोडावी. स्ट्रक्टलाही नेमके हेच लागते. समजा, 4 बाइटांचा क्रमांक आणि मग नावाचा पॉइंटर आहे. 64 बिटांच्या यंत्रावर, शून्यापासून मोजल्यास, पॉइंटर चौथ्या बाइटला नाही, आठव्याला सुरू होतो. मधले 4 कोरे. जावास्क्रिप्टला ही आखणी आपणच द्यायची. चौथ्यापासून वाचले तर अर्धे कोरे आणि अर्धा पत्ता हाती येतो, आणि प्रोग्रॅम भलत्याच दारात जाऊन कोसळतो. आठव्यापासून वाचले तरी नाव मिळत नाही, नावाचा पत्ता मिळतो. त्या पत्त्यावर जाऊन पुन्हा शून्यापर्यंत चालायचे. जालन्याला मी आता 16 बाइट देतो.