पित्ताची गोळी किती दिवस? सतत होणारे अपचन आणि त्यामागचे कारण

पित्त, गॅस, अ‍ॅसिडिटी, अजीर्ण. पोटाच्या वरच्या भागातील जवळजवळ प्रत्येक तक्रार आपल्याकडे या चार शब्दांत सांगितली जाते. कामशेतच्या बाजाराला आलेला शेतकरी असो की लोणावळ्याच्या हॉटेलात शनिवार-रविवारी मध्यरात्रीपर्यंत उभा असलेला वेटर, मेडिकलच्या दुकानात दोघेही एकच वाक्य बोलतात, "पित्ताची गोळी द्या." गोळी मिळते आणि दोन-चार दिवस बरे वाटते. लग्नाच्या जेवणानंतर किंवा पावसाळ्यात भजी जास्त झाल्यावर एवढे पुरेसेही असते.

अडचण येते ती पहिली पट्टी संपून दुसरी, मग दहावी पट्टी घेतली जाते तेव्हा. "मला पित्ताचा त्रास आहे" हे वाक्य तोवर स्वभावाचा भाग झालेले असते आणि पित्त का होते हा प्रश्न कोणी विचारत नाही. पित्त हे लक्षणाचे नाव आहे, ते निदान नव्हे. तक्रार महिनाभराहून जास्त टिकली किंवा गोळी थांबवताच परत आली, तर तिचे कारण शोधायला हवे. हा शोध बहुतेक वेळा फार महागही नसतो. मात्र तो क्रमाने करावा लागतो.

अपचन नेमके कशाला म्हणायचे?

वैद्यकीय भाषेत याला डिस्पेप्सिया म्हणतात. बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली मधोमध दुखणे किंवा जळजळणे, थोडे खाल्ले तरी पोट भरणे, जेवणानंतर तासन्‌तास जड वाटणे ही त्याची मुख्य लक्षणे. छातीत वर चढणारी जळजळ आणि तोंडात आंबट पाणी येणे हा आम्लपित्त उलट वर येण्याचा, म्हणजे रिफ्लक्सचा प्रकार. दोन्ही एकत्र असू शकतात, पण उपाय थोडे वेगळे आहेत. त्यामुळे डॉक्टरांना "पित्त आहे" एवढेच न सांगता बोट ठेवून जागा दाखवा. त्रास जेवणाआधी होतो की नंतर, रात्री झोप मोडते का, हेही सांगा. या तीन गोष्टींनी निम्मे काम होते.

आधी हे पाहा: दुखणे पोटाचेच आहे ना?

"गॅस छातीत चढला" असे म्हणून घरी सोडा पिऊन पडून राहिलेल्या माणसाला प्रत्यक्षात हृदयविकाराचा झटका आलेला असतो. ही दुर्मीळ गोष्ट नाही. मधुमेही, स्त्रिया आणि वयस्कर माणसे यांच्यात हृदयाचे दुखणे अनेकदा पोटाच्या वरच्या भागात, मळमळ किंवा घाम अशा रूपात येते.

एक साधी खूण लक्षात ठेवा. एकवीरेच्या पायऱ्या किंवा लोहगडाचा चढ चढताना पोटाच्या वर, छातीत दाबल्यासारखे होते आणि पाच-दहा मिनिटे बसल्यावर थांबते, असे होत असेल तर ते अपचन समजू नका. अपचनाचा संबंध जेवणाशी असतो, हृदयाचा श्रमाशी. अशा वेळी पहिली तपासणी ईसीजीची. त्रास अचानक सुरू झाला, सोबत घाम, धाप किंवा डाव्या हातात, जबड्यात कळ असेल तर १०८ ला फोन करा, ढेकर येण्याची वाट पाहू नका. ढेकर आल्यावर बरे वाटले म्हणून हृदय ठीक आहे, असेही सिद्ध होत नाही.

ही लक्षणे असतील तर गोळी बदलत बसू नका

प्रयत्न न करता वजन घटणे, गिळताना घास अडकणे, वारंवार उलट्या होणे, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा काळा पदार्थ दिसणे, डांबरासारखी काळी चिकट शौचास होणे, रक्त कमी असल्याचे तपासणीत निघणे, पोटात गाठ लागणे, डोळे पिवळे होणे, जवळच्या नात्यात जठराचा कर्करोग असणे. यांपैकी एक जरी असेल तर दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी, लवकर व्हायला हवी. रक्ताची उलटी किंवा काळी शौच असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर शौच काळसर होते, ते वेगळे. पण हा फरक घरी ठरवू नका.

वयही महत्त्वाचे. ४५-५० वर्षांनंतर पहिल्यांदाच अपचन सुरू झाले आणि ते जात नसेल, तर इतर काही लक्षण नसतानाही एकदा एंडोस्कोपी करावी असे माझे मत आहे. जठराचा कर्करोग सुरुवातीला साध्या अपचनासारखाच वागतो, आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी त्याची लक्षणे काही काळ दबूही शकतात. त्या काळात आजार मात्र पुढे सरकतो. संध्याकाळी येणारा ताप, घटते वजन आणि पोटदुखी असे एकत्र आले तर आपल्याकडे पोटाच्या क्षयरोगाचाही विचार करावा लागतो.

कारण अनेकदा घरातच असते

तपासण्यांच्या आधी घरातला औषधांचा डबा रिकामा करून टेबलावर मांडावा. मावळात भातलावणीच्या दिवसांत कमरेतून वाकून, गुडघाभर चिखलात दिवसभर काम होते. संध्याकाळी कंबर धरली की दुकानातून "अंगदुखीची गोळी" येते. तिच्यात बहुधा डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन असते. ही औषधे जठराच्या आतील संरक्षक थर कमकुवत करतात आणि त्यातून व्रण, म्हणजे अल्सर होऊ शकतो. मग अंगदुखीच्या गोळीने पोट दुखते आणि पोटासाठी पित्ताची गोळी येते. पावसाळा संपतो, पण दोन्ही गोळ्या चालूच राहतात. कित्येकांना तर "शक्तीची" म्हणून मिळालेल्या पुडीत स्टेरॉइड असल्याचे माहीतही नसते. अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल हा पोटाला तुलनेने सोसणारा पर्याय आहे. हृदयासाठी सुरू असलेली अ‍ॅस्पिरिन मात्र स्वतःहून बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहाची मेटफॉर्मिन, लोहाच्या गोळ्या आणि काही अँटिबायोटिक यांनीही मळमळ आणि जडपणा येतो. गोळी जेवणानंतर घेणे किंवा प्रकार बदलणे एवढ्यानेही ते सुटते.

दुसरी गोष्ट मिसरी. सकाळी उपाशीपोटी मिसरी लावणाऱ्या कितीतरी बायका "मी तंबाखू खात नाही" असे अगदी खरेपणाने सांगतात, कारण त्यांच्या लेखी मिसरी हा दात घासण्याचा प्रकार आहे. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटिनने अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेली झडप सैलावते आणि आम्ल वर येते. डॉक्टरांनी विचारले नाही तरी हे आपणहून सांगा.

जेवणाबद्दल सल्ले उदंड मिळतात, पण त्यांना पुरावा थोडा आहे. भात, विशेषतः आपला इंद्रायणीचा मऊ भात, बहुतेकांना सोसतो. पित्ताचा दोष त्याच्या माथी मारण्याचे कारण नाही. चरबी मात्र जठर रिकामे होण्याचा वेग खरोखर कमी करते, म्हणून वडापाव आणि भज्यांनंतर पोट जड राहते. त्याहून मोठा घटक वेळेचा. पुण्याहून रात्रीच्या लोकलने परतून दहा-साडेदहाला पोटभर जेवण आणि अकराला झोप, तळेगाव एमआयडीसीतल्या बदलत्या पाळ्या, किंवा संकष्टीला दिवसभर चहावर राहून चंद्रोदयानंतर जड जेवण, या सगळ्यांत एकच चूक आहे: भरल्या पोटी आडवे होणे. जेवण आणि झोप यांत दोन ते तीन तास ठेवा. उपवास करायचा तर करा, पण शेंगदाण्याचे कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी हा हलका आहार नाही, हे ध्यानात ठेवा. थंड दूध प्याल्यावर क्षणभर बरे वाटते, पण दुधातील प्रथिने आणि कॅल्शियम यांमुळे पुढे आम्ल जास्तच स्रवते. खाण्याच्या सोड्याची पूड ढेकर आणते, सोबत भरपूर सोडियमही शरीरात घालते. रक्तदाब किंवा हृदयाचे रुग्ण असाल तर ती रोजची सवय करू नका.

सगळे एकदम बंद करण्याऐवजी दोन आठवडे वहीत टिपण ठेवा: काय खाल्ले, किती वाजता, त्रास कधी झाला, कोणती गोळी घेतली. ही वही कोणत्याही महागड्या तपासणीइतकी उपयोगी पडते.

जठरातला जिवाणू

अल्सर हा तिखटामुळे आणि चिंतेमुळे होतो असेच डॉक्टर पूर्वी मानत. ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू जठरात सापडतो हे दाखवले, तेव्हा फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जिवाणूचे द्रावण स्वतः पिऊन जठराला सूज येते हे सिद्ध केले. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. भारतात हा जिवाणू अनेकांच्या जठरात असतो, बहुतेक लहानपणी घरातूनच आलेला. सगळ्यांना त्याचा त्रास होत नाही, पण काहींमध्ये अल्सर आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो.

तो शोधण्यासाठी श्वासाची किंवा शौचाची तपासणी असते. एंडोस्कोपी करतानाच जठराचा छोटा तुकडा घेऊन तो द्रावणात टाकतात. जिवाणू असेल तर पिवळा रंग गुलाबी होतो. या तपासण्यांआधी पित्ताची गोळी किमान दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावी लागते, नाहीतर जिवाणू असूनही अहवाल "नाही" येतो. ही सूचना देण्याचे अनेकदा राहून जाते, म्हणून तुम्हीच विचारा. रक्तातील अँटिबॉडीची तपासणी तेवढी भरवशाची नाही, कारण जिवाणू गेल्यावरही ती बराच काळ पॉझिटिव्ह राहते.

उपचार साधारण १४ दिवसांचा, दोन किंवा अधिक अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारे औषध असा असतो. पाचव्या दिवशी बरे वाटले म्हणून सोडलात तर जिवाणू औषधाला दाद देईनासा होतो. कोर्स संपल्यावर चार आठवड्यांनी पुन्हा तपासून तो गेला याची खात्री करावी.

एंडोस्कोपीची भीती

सहा ते आठ तास उपाशी राहून सकाळी जायचे, घशात बधिर करणारा फवारा मारतात, कुशीवर झोपवतात आणि बोटाहून बारीक नळी तोंडातून आत जाते. तपासणी साधारण पाच ते दहा मिनिटांची. उमासे येतात, पण श्वास अडत नाही. मावळातल्या माणसाला यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. तळेगाव दाभाडेचे भाऊसाहेब सरदेसाई ग्रामीण रुग्णालय, पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय किंवा पुण्याचे ससून यांपैकी सोयीचे पाहून बाह्यरुग्ण विभागात चौकशी करता येते. उजव्या बरगडीखाली, तेलकट जेवणानंतर तासाभराने उठणारी आणि पाठीत जाणारी कळ असेल तर सोनोग्राफीही हवी, कारण पित्ताशयातील खडे दुर्बिणीत दिसत नाहीत.

गोळी घेताना

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल या गटातील औषधे चांगली आहेत, पण ती खाण्याआधी अर्धा तास घ्यायची असतात. जेवल्यावर घेतली तर परिणाम बराच कमी होतो. नावापुढे "डी" किंवा "डीएसआर" असेल तर त्यात बहुधा डॉमपेरिडोन असते, आणि वयस्कर किंवा हृदयविकार असलेल्या माणसाने ते स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने घेऊ नये. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. साध्या अपचनासाठी चार ते आठ आठवड्यांनी डॉक्टरांशी बोलून गोळी कमी करत आणावी. अचानक बंद केल्यावर काही दिवस आम्ल उसळते. तो मूळ आजार परतला असे नसते. वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी बी-१२ तपासून घ्यावे.

आणि अहवाल नॉर्मल आला तर?

अपचनासाठी एंडोस्कोपी केलेल्यांपैकी दहातल्या सात-आठ जणांना काहीच सापडत नाही. रुग्ण हिरमुसतात, घरचे म्हणतात, "बघ, मनाचे खेळ." हे अन्यायाचे आहे. जठर सैल न पडणे, त्याच्या नसा जास्त संवेदनशील असणे, मेंदू आणि आतडे यांच्यातील संदेश बिघडणे यांमुळे खरोखर दुखते, फक्त ते दुर्बिणीला दिसत नाही. याला फंक्शनल डिस्पेप्सिया म्हणतात. तक्रार किमान सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेली आणि गेले तीन महिने चालू असली की हे निदान पक्के मानतात. डॉक्टरांनी अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारखे औषध अगदी कमी मात्रेत दिले तर चिठ्ठीवरचे नाव वाचून घाबरू नका. हे औषध नैराश्यासाठी वापरतात हे खरे, पण या मात्रेत ते जठराच्या नसा शांत करण्यासाठी दिलेले असते. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला झोप आणि तोंडाला कोरड येते.

लोणावळ्यात हा विषय निघाला की कैवल्यधामचे नाव येतेच. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये ही संस्था स्थापन केली आणि उड्डियान, नौली यांसारख्या क्रियांत पोटाच्या आत काय घडते हे क्ष-किरण आणि दाबमापन वापरून पाहिले. शंभर वर्षांपूर्वीचे हे कुतूहल मला आजही महत्त्वाचे वाटते: क्रिया करा, पण आत काय होते ते तपासा. पोटाने घेतलेल्या संथ, खोल श्वासाचा रिफ्लक्स आणि वारंवार येणाऱ्या ढेकरांवर उपयोग होतो, आणि तो कोणीही दिवसातून दोनदा दहा मिनिटे करू शकतो. मीठपाणी पिऊन उलटी काढण्याची वमनधौती मात्र अल्सर, हर्निया, रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असताना करू नये, आणि पुस्तकात वाचून तर कोणीच नाही. काळी शौच किंवा घटते वजन असताना शिबिराला नाव नोंदवण्याआधी एंडोस्कोपी करून घ्या.

एकदा तपासणी नॉर्मल आली की दरवर्षी ती पुन्हा करण्याची गरज नसते. पण वर सांगितलेले एखादे धोक्याचे लक्षण नव्याने दिसले, तर जुना अहवाल कितीही स्वच्छ असला तरी तो घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जा.